‘संचार साथी’ ॲप: दुकानदाराच्या नजरेतून, सक्तीच्या वादासकट

दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ ॲप मी स्वतः वापरते, दुकानात येणाऱ्यांना बसवून देते, आणि ते कामाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप घालायच्या सरकारी सक्तीबद्दल मी कडक लिहिणार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्यावरून देशभर वाद पेटला तेव्हा एक बाजू म्हणत होती की हे हेरगिरीचं ॲप आहे, आणि दुसरी म्हणत होती की विरोध करणारे चोरांचे पाठीराखे आहेत. रोज दहा लोकांचे फोन उघडून बसणाऱ्या माणसाला दोन्ही पटत नाही. म्हणून आधी ॲपची कामं कशी होतात ते सांगते, वादाकडे नंतर येते.

माझं दुकान पंढरपुरात, एसटी स्टँडजवळ. नवे-जुने सेट, दुरुस्ती, रिचार्ज, सिमकार्ड. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री हे आमचे हंगाम. आषाढीला गावात मुंगीला जागा नसते आणि त्या गर्दीत फोन जातात. दर्शनबारीत खिशातून जातात, चंद्रभागेच्या वाळवंटात आंघोळीला उतरल्यावर कपड्यांच्या पिशवीतून जातात, मठात एकाच बोर्डावर चार्जिंगला लावलेल्या वीस फोनांतून दोन उचलले जातात. मग माणूस दुकानात येतो. “माऊली, फोन गेला,” म्हणतो आणि बाकड्यावर बसतो. गाव परभणीकडं नाहीतर बुलढाण्याकडं. दिंडी पुढे गेलेली असते, घरचा एकही नंबर पाठ नसतो.

अशा माणसासाठी सरकारने जी सोय केली आहे तिचं मूळ या ॲपपेक्षा जुनं आहे. प्रत्येक सेटला पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो. हरवलेल्या सेटचा तो नंबर सगळ्या मोबाईल कंपन्यांनी मिळून अडवायचा, म्हणजे चोराने कुठलंही सिम घातलं तरी सेट चालणार नाही, अशी ही सीईआयआर नावाची यंत्रणा. सप्टेंबर २०१९ मध्ये तिची पहिली सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच झाली. मे २०२३ मध्ये संचार साथीचं संकेतस्थळ आलं आणि ती देशभर पोचली. ॲप आलं जानेवारी २०२५ मध्ये.

आता प्रत्यक्ष काय करावं लागतं? पहिलं, पोलिसांत तक्रार. काही ठिकाणी चोरीऐवजी ‘गहाळ’ असं लिहून घेतात. ब्लॉक करण्यासाठी तेही चालतं, फक्त तक्रारीचा क्रमांक आणि पोच हातात असली पाहिजे. दुसरं, त्याच नंबरचं नवं सिम, कारण पुढचा ओटीपी त्या नंबरवर येतो. इथे बहुतेक जण अडकतात. नवं सिम सुरू झालं तरी सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात. सिम बदलून कुणी तुमचं बँक खातं साफ करू नये म्हणून तो नियम आहे. नियम योग्य आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने परत निघणाऱ्या वारकऱ्याला तो समजावून सांगताना जीव कासावीस होतो. त्याला मी सगळी माहिती कागदावर लिहून देते आणि गावाकडच्या एखाद्या शिकलेल्या पोराकडून पुढचा फॉर्म भरून घ्यायला सांगते.

फॉर्ममध्ये आयएमईआय, सेटचं बिल, फोन कुठे-कधी गेला, पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक, ओळखपत्र. दोन सिमच्या सेटला दोन आयएमईआय असतात, दोन्ही भरा. एकच भरून गेलेले लोक मी पाहिलेत. खोकं फेकून दिलं असेल तर बिलावर नंबर सापडतो, अँड्रॉइड असेल तर गुगल खात्याच्या ‘फाइंड’ पानावरही. फॉर्म गेला की एक विनंती क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, फोन सापडल्यावर तो खुला करायला हाच लागतो. मधल्या काळात त्या सेटमध्ये कुणी सिम घातलं तर त्याची खबर पोलिसांना जाते.

फोन परत मिळतोच असं नाही. पण चोराच्या हातात वीट उरते, आणि जुन्या सेटच्या बाजारात त्याचा परिणाम होतो हे मी धंद्यात बसून पाहते. पूर्वी बिनबिलाचा सेट हजार-दोन हजारांत टेकवायला येणारे जास्त होते. आता आम्ही घेण्याआधी *#०६# दाबून नंबर काढतो आणि इंग्रजीत ‘KYM’ लिहून पुढे तो आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करतो. सेट काळ्या यादीत असेल, नंबर दुसऱ्याच कुठल्या मॉडेलचा असेल, तर तिथेच कळतं. जुना फोन घेणाऱ्या प्रत्येकाने हा एक एसएमएस पैसे देण्याआधी करावा, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. माझ्याकडून घेताना माझ्यासमोर करावा, मला त्यात अपमान वाटत नाही. आयएमईआय बदलणं हा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही असलेला गुन्हा आहे. तसला सेट अनवधानाने घेतलात तर चौकशीचा फेरा तुमच्यामागे लागतो.

दुसरं उपयोगी काम म्हणजे आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहणं. एका माणसाला नऊपर्यंत सिम घेता येतात. आधारची झेरॉक्स दहा ठिकाणी दिलेली असते, तिच्यावर कुणी काय घेतलं याचा पत्ता नसतो. ॲपमध्ये यादी येते, अनोळखी नंबरापुढे ‘हा माझा नंबर नाही’ असं कळवता येतं. मी घरातल्या म्हाताऱ्यांची यादी तपासून देते, आणि प्रत्येकाने ती तपासावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या नावाच्या सिमवरून कुणी कुणाला फसवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

‘चक्षू’ म्हणजे फसवे कॉल-मेसेज कळवायची जागा. कळवावं, पण पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नका, थेट १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

ॲप मराठीतही चालतं. भाषा कार्यालयीन आहे, पण समजते. सेवा म्हणून पाचपैकी चार तारे मी निःशंकपणे देते.

आता त्या हुकुमाबद्दल. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मोबाईल सेट बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना कळवलं की भारतात विकायला तयार होणाऱ्या किंवा बाहेरून येणाऱ्या प्रत्येक सेटमध्ये ९० दिवसांत हे ॲप आधीच बसवलेलं पाहिजे. सेट पहिल्यांदा सुरू करताना ते ठळक दिसलं पाहिजे. त्यातली कामं बंद केलेली किंवा मर्यादित केलेली नसावीत, याची जबाबदारी कंपनीची. जे सेट बनून बाजारात पोचलेत त्यांत सॉफ्टवेअर अपडेटमधून ते घालायचा प्रयत्न करायचा. हा हुकूम लोकांपुढे मांडलेला नव्हता. बातम्या आल्या तेव्हा तुम्हा-आम्हाला कळलं. २ डिसेंबरला दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले की नको असेल त्याने ॲप काढून टाकावं. ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. कारण असं दिलं की लोक आपण होऊन ॲप घेत आहेत, १.४ कोटी लोकांनी ते घेतलंय आणि एका दिवसात सहा लाखांनी नोंदणी केली आहे, तेव्हा सक्तीची गरज उरली नाही.

वर मी हरवलेल्या फोनची सगळी रीत एवढी तपशीलवार लिहिली ती याचसाठी. ती पुन्हा वाचा आणि मला सांगा की चोरीला गेलेल्या फोनमध्ये हे ॲप असण्याचा त्यात कुठे संबंध आला? फोन तर चोराकडे आहे. फॉर्म भरला जातो दुसऱ्या फोनवरून किंवा संकेतस्थळावरून. सेट अडवला जातो मोबाईल कंपन्यांच्या नेटवर्कवर, आयएमईआयच्या यादीतून. जुना सेट तपासायला साधा एसएमएस पुरतो, बटणाच्या फोनवरूनही. नावावरची सिमं संकेतस्थळावर दिसतात. म्हणजे सरकारने या योजनेचे जे जे फायदे सांगितले त्यातल्या एकाही फायद्यासाठी ते ॲप माझ्या खिशातल्या सेटमध्ये न काढता येण्यासारखं बसवायची गरज नाही. मग ते प्रत्येक सेटमध्ये कशासाठी हवं होतं? वादाच्या त्या तीन दिवसांत मी सगळ्या बाजू मांडणाऱ्यांना ऐकलं. या प्रश्नाचं उत्तर मला कुणाकडूनही मिळालं नाही.

प्ले स्टोअरवरून उतरवलेलं ॲप आणि कारखान्यातून सिस्टिममध्ये बसून आलेलं ॲप यांत फरक असतो, तो दुरुस्तीवाल्यांना रोज दिसतो. उतरवलेलं ॲप तुम्ही काढता, तेव्हा ते जातं. त्याला कॅमेरा द्यायचा की नाही, हे ते तुम्हाला विचारतं. सिस्टिममधल्या ॲपला कंपनी काही परवानग्या आधीच देऊ शकते आणि ते काढायचं बटणच नसतं. फार तर ‘डिसेबल’ असतं, तेही कंपनीने ठेवलं तर. नव्या सेटमध्ये येणारी जाहिरातींची असली ॲप काढून द्या म्हणून लोक माझ्याकडे येतात. कॉम्प्युटरला जोडून, कमांड देऊन काढावी लागतात. गावातल्या किती लोकांना ते जमेल?

या ॲपच्या परवानग्या सरकारने स्वतःच जाहीर केलेल्या आहेत. अँड्रॉइडवर ते फोनमधले नंबर ओळखतं, नोंदणीसाठी १४५२२ वर एसएमएस पाठवतं, कॉल आणि एसएमएसच्या नोंदी मागतं, फोटो-फाइल आणि कॅमेरा मागतं. प्रत्येकाचं कारण दिलंय आणि प्रत्येक कारण समजण्यासारखं आहे: कॅमेरा खोक्यावरचा बारकोड वाचायला, कॉलच्या नोंदी फसवा नंबर कळवायला. आज हे ॲप कुणाचं बोलणं ऐकतंय असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा उद्याच्या अपडेटचा आहे. काढता न येणाऱ्या ॲपचं पुढचं अपडेट काय आणेल हे मंत्र्यांच्या आजच्या शब्दावर ठरत नाही. मंत्री बदलतात, सरकारं बदलतात, सेटमधलं ॲप तिथेच राहतं.

माझ्या दुकानात संध्याकाळी एक निवृत्त गुरुजी येऊन बसतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, माझ्या भावाला त्यांनी शिकवलंय. ते त्या दिवसांत तावातावाने म्हणत होते, “अगं, ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याने घाबरायचं कशाला?” हे वाक्य मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलं, आणि मला ते प्रत्येक वेळी लागलं. मी गुरुजींना म्हटलं, गुरुजी, लोकांचे फोन माझ्या हातात येतात. डिस्प्ले बदलायला दिलेला फोन परत मिळेपर्यंत बाया इथून हलत नाहीत, याच बाकड्यावर बसून राहतात. त्यांनी कुणाचा खून केलेला नसतो. फोनमध्ये आजाराचे रिपोर्ट असतात, कर्जाचे मेसेज असतात, बाळाला पाजतानाचा फोटो असतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल माहेरी बोलणारी बाई कॉलची यादी पुसूनच फोन माझ्या हातात देते. तिला लपवायचं आहे, आणि तो तिचा हक्क आहे. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “पण सरकार म्हणजे काय नवरा आहे का?” मी म्हटलं, नाही, सरकारकडे पोलीस असतात.

दुसरा युक्तिवाद गुगलचा. “सगळी माहिती परदेशी कंपन्यांना देता, आपल्या सरकारला द्यायला का जीवावर येतं?” दुकानात येणारी कॉलेजची पोरं हे हमखास म्हणतात. कंपन्या माहिती गोळा करतात हे खरंच आहे, आणि मी गिऱ्हाइकांना लोकेशनची नोंद बंद करून देते तेव्हा तेच थांबवत असते. पण कंपनी मला जास्तीत जास्त जाहिरात दाखवते. ती मला चौकीत बोलावू शकत नाही, माझं सिम बंद करू शकत नाही, माझं रेशन अडवू शकत नाही. ज्याच्या हातात एवढी ताकद, त्याच्यावर बंधनंही तेवढी जास्त हवीत. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा नेमका उलटा आहे: त्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देता येते. त्या कायद्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात हा हुकूम निघाला त्याच महिन्यात.

सगळ्यात वजनदार बाजू मात्र मांडली एका हवालदारांनी, जे स्वतःच्या फोनची बॅटरी बदलायला आले होते. त्यांचं म्हणणं मी तसंच लिहिते, कारण ते प्रामाणिक होतं. “ताई, ज्यांना या गोष्टी कळतात ते फसत नाहीत. डिजिटल अटक म्हणून लाखो रुपये घालवून आमच्याकडे येणारा माणूस कधीही आपणहून ॲप टाकणार नाही. त्याच्या फोनमध्ये ते आधीच असलं तर निदान एकदा दिसेल.” हे खरं आहे. माझा वारकरी हाच माणूस आहे. पण ज्याला ॲप टाकणं कळत नाही त्याला परवानगी नाकारणंही कळत नाही, आणि सक्तीचा सगळा भार अशाच माणसावर पडतो. त्याला हवी आहे माहिती. १९३० आणि १४४२२ हे दोन आकडे प्रत्येक सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती करा. प्रत्येक सिमच्या पाकिटावर करा, एसटीच्या प्रत्येक गाडीत सीटच्या पाठीवर लावा. मी माझ्या शटरवर लिहून घेतलेत. हवालदारसाहेबांना मी हे बोलले तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि चौकीच्या भिंतीवरही हवेत म्हणाले.

आणि शेवटी दहशतवाद. “२६/११ विसरलात का?” असं विचारलं की समोरचा गप्प होतो, म्हणून ते विचारलं जातं. मी विसरलेली नाही. त्या रात्री हल्लेखोर आणि पलीकडून त्यांना हुकूम देणारे यांचं फोनवरचं बोलणं आपल्या पोलिसांनी ऐकलं होतं. ठरावीक नंबर हाती लागले, ते ऐकले. त्याला कुठल्याही शहाण्या माणसाचा विरोध नाही. संशयितावर पाळत आणि कोट्यवधी लोकांच्या खिशात एकच सरकारी ॲप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेने २००१ नंतर आपल्या कोट्यवधी नागरिकांच्या कॉलच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. २०१३ मध्ये त्यांच्याच गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने ते उघड केलं. त्यानंतर त्यांच्याच सरकारी देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये तपासून लिहिलं की देशावरच्या धोक्याच्या एकाही तपासात त्या नोंदींमुळे निकालात ठोस फरक पडल्याचं दिसलं नाही. तिथेही समर्थक ठामपणे सांगत होते की याशिवाय देश वाचणार नाही.

आपल्याकडे फोन ऐकण्याचे नियम आहेत, तेही कुणीतरी कोर्टात भांडल्यामुळे. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोन ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवर लेखी हुकूम हवा आणि त्याची फेरतपासणी करणारी समिती हवी. ऐकायला चांगलं वाटतं. पण माहितीच्या अधिकारात गृह मंत्रालयानेच सांगितलं होतं की एकट्या केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार हुकूम निघतात. ती माहिती २०१४ च्या आसपासची, म्हणजे हा प्रश्न एका पक्षाचा नाही हे लक्षात यावं. आता नऊ हजारांना महिन्याच्या दिवसांनी भागा. रोजचे तीनशे हुकूम एक सचिव वाचून, विचार करून, सही करतो असं कुणी शपथेवर सांगेल का? जो ऐकला गेला त्याला ते कधी कळवलं जात नाही. मग तक्रार करायची कुणी?

पेगासस हे फोनमध्ये गुपचूप घुसून हेरगिरी करणारं इस्रायली सॉफ्टवेअर. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठरलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने कळवल्याचं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं. आपल्याच राज्यात नाना पटोले यांचा फोन भलत्याच नावाने, अमली पदार्थांच्या संशयिताचा म्हणून दाखवून ऐकल्याचा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. पुण्यात २०२२ मध्ये गुन्हा नोंदवला गेला, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आरोप खरा की खोटा यात मी पडत नाही. ज्याच्या मागे एक अख्खा पक्ष उभा होता त्या आमदाराचं प्रकरण असं मिटलं, तर दुकानात बसणाऱ्या बाईने आपल्या फोनचं कुणाला विचारावं?

कोरोनाच्या काळातलं सरकारी ॲप, आरोग्य सेतू, आठवतं का? १ मे २०२० च्या हुकुमात केंद्राने सरकारी-खासगी सगळ्या कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं केलं. पुढे पंधरवड्यातच ती भाषा सौम्य झाली. त्या काळात माझं दुकान आरोग्य सेतू बसवण्याचं केंद्रच झालं होतं. लोक भीतीने यायचे, आजाराच्या नव्हे, दंडाच्या. नंतर कुणीतरी माहिती मागवली की हे ॲप नेमकं कुणी बनवलं, तर सरकारची संगणकाची कामं पाहणाऱ्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) आपल्याकडे ती माहिती नाही असं उत्तर दिलं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने त्यावरून नोटीस काढली. कोट्यवधी फोनांत बसलेल्या ॲपबद्दल सरकारी खात्याचं हे उत्तर होतं. म्हणून ‘सरकार सांगतंय ना, मग ठीकच असेल’ हे मला आता पुरत नाही.

पाळत म्हटली की मी सरसकट नाही म्हणत नाही. आषाढीला घाटावर कॅमेरे लागतात, वरून ड्रोन फिरतात. लाखो माणसं चेंगरू नयेत म्हणून ते हवेतच. ते उघड्यावर असतात, सगळ्यांना दिसतात, गर्दीवर असतात आणि वारी संपली की ड्रोन उतरतात. फोन माणसाबरोबर झोपायच्या खोलीत जातो. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, खरी गरज हवी, आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा. घाटावरचा कॅमेरा या मापाला माझ्या मते उतरतो. सेटमधून न निघणारं ॲप उतरत नाही, कारण त्याची गरजच मला कुणी दाखवून दिलेली नाही.

तर ॲप घ्यावं का? जुने सेट घेत-विकत असाल, घरात म्हातारी माणसं असतील, फसवे कॉल सारखे येत असतील, तर घ्या. कॉलच्या नोंदी आणि फोटो यांची परवानगी काम पडेल तेव्हाच द्या आणि काम झालं की सेटिंगमधून काढून घ्या. वर्षातून एकदाच सिमं तपासायची असतील तर ॲप नको, संकेतस्थळावर जा. आणि नवा सेट घेतल्यावर आज रात्रीच *#०६# दाबून दोन्ही नंबर एखाद्या वहीत लिहा, बिलाचा फोटो घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवा.

सक्ती मागे घेतल्याची घोषणा झाली म्हणून लोक हा विषय विसरलेत. तो हुकूम २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांखाली निघाला होता, आणि एक हुकूम मागे घेतल्याने ते नियम रद्द होत नाहीत. पुढच्या वेळी ॲपचं नाव वेगळं असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या आणि बाकी सगळ्या खासदारांना माझं मागणं आहे की संसदेत हे लेखी मागा: कुठलंही सरकारी ॲप काढता आलंच पाहिजे, असला हुकूम कंपनीला पाठवण्याआधी लोकांसमोर ठेवलाच पाहिजे, आणि त्याचा कोड बाहेरच्या जाणकारांना तपासायला मिळालाच पाहिजे. मी हे पत्र मराठीत लिहून काउंटरवर ठेवलंय. ज्याला पटेल त्याने सही करावी, ज्याला पटणार नाही त्याने बाकड्यावर बसून वाद घालावा. गुरुजींनी अजून सही केलेली नाही, पण दुसऱ्या परिच्छेदातली माझी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून दिली आहे.